घट्ट पाणी

३ मार्च

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. बायकोने काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळा ठसका लागला, ताप किती. ती वही तिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर असते, रकाने आखून, अक्षर काढून. एकतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, आता माझी वही डॉक्टर तपासतात. पण काही गोष्टी कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी ही दुसरी वही. ही कुणी बघायची नाही.

पहिल्याच दिवशी खरं लिहून टाकतो. थकलोय. हिला अर्धांगाचा झटका येऊन सात आठवडे झाले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. डोळे बोलतात असं जे म्हणतात ना, ते कधी अशा माणसाजवळ बसलेले नसावेत. डोळे काही बोलत नाहीत. आपण अंदाज बांधतो आणि निम्मे चुकतात.

गिळणंही अर्धं गेलंय. साधं पाणी घशात आवरत नाही, श्वासनळीत उतरतं, तिथून फुफ्फुसात. म्हणून तिला पाणी घट्ट करून द्यायचं. मक्याच्या स्टार्चची पूड डब्यात मिळते. एका ग्लासाला तीन सपाट चमचे, ढवळायचं, पाच मिनिटं थांबायचं, की पाणी मधासारखं होतं. चहा, दूध, सूप, सगळं तसंच. जन्मभर हिने पाणचट चहाला नावं ठेवली. आता सुरीने कापावा असा चहा मिळतो.

गंमत म्हणजे स्टार्च हा माझाच धडा. सातवी, अन्नाचं पचन. पावाचा घास पन्नास वेळा चावा नि सांगा गोड लागतो की नाही. लाळ पिष्टाची साखर करते. मग दोन परीक्षानळ्या, दोन्हींत खळ, एकीत लाळ, थोड्या वेळाने वरून आयोडीन. एक निळीजांभळी होते, दुसरी होत नाही. दर वर्षी तोच प्रयोग, थुंकायच्या वेळी वर्गात तोच 'ईऽऽ'. झोपेतसुद्धा शिकवला असता.

५ मार्च

सकाळी आठ ते दुपारी चार एक बाई येते. रुग्ण सांभाळायला माणसं पाठवणारं एक कार्यालय आहे, त्यांनी पाठवलीय. वयाने माझ्या मुलीसारखी, पण सगळे तिला मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. कामाला चोख, बोलायला कंजूष.

तिची एक खोड आहे. ग्लासभर सूप घट्ट केलं की ग्लास झाकून बाजूला ठेवणार. त्यातलं चार चमचे वाटीत काढणार आणि वाटीतलं भरवणार. वाटी संपली की दुसरी वाटी, दुसरा चमचा. वाटीत काही उरलं तर ते सरळ ओतून देणार. एका ग्लासापायी मोरीत लग्नघरासारखा भांड्यांचा ढीग, आणि चारनंतर तो घासणार कोण, तर मी.

आज विचारलंच, असं का करता. म्हणाली, शिकताना असंच दाखवलं होतं. का दाखवलं होतं? ते माहीत नाही. ज्याचं कारण माहीत नाही ती पद्धत नव्हे, ती सवय, हे मी फळ्यासमोर उभं राहून इतकी वर्षं सांगितलं. तिलाही सांगितलं. उद्यापासून एक ग्लास, एक चमचा.

संध्याकाळचं मी भरवतो. प्रत्येक चमचा आधी माझ्या ओठांना लावतो. तोंड पोळलं तर हिला ओरडताही यायचं नाही. गुठळी असली तर तीही जिभेला कळते. मुलाला आम्ही लहानपणी असंच भरवलं. मावशी हे करत नाही. कामाचं माणूस आणि घरचं माणूस यांत एवढा फरक राहणारच.

९ मार्च

ठसका काल चार वेळा, आज सहा वेळा. डॉक्टरांच्या वहीत लिहिलं.

१० मार्च

डॉक्टर आले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. खोलीबाहेर येऊन म्हणाले, फुफ्फुसात खरखर आहे, अन्नाचे कण जाताहेत. असंच राहिलं तर तोंडाने देणं बंद करावं लागेल. पोटाला छोटं भोक पाडून नळी थेट जठरात सोडायची आणि सगळं तिच्यातून द्यायचं.

दार उघडंच होतं. आत गेलो तर ही मान हलवत होती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आठ आठवड्यांत हिचं इतकं स्वच्छ 'नाही' मी पाहिलं नव्हतं. टेलिफोन ऑफिसात चोवीस वर्षं हिने बोलण्याचाच पगार घेतला. ते बोलणं गेलं. चव तेवढी उरलीय, आणि तीही काढून घ्यायची म्हणताहेत.

मी तिला सांगितलं, नळी बसू देणार नाही. शब्द दिला.

१२ मार्च

हिला माझ्या हातचं नको झालंय. चमचा माझ्या ओठांपाशी नेला की डाव्या हाताने माझं मनगट धरते आणि खाली ओढते. ताकद कुठून येते कोण जाणे. लग्नापासूनची तक्रार आहे तिची, मी तिच्या ताटातलं उचलतो म्हणून. म्हटलं, अगं खात नाहीये, नुसतं बघतोय. तरी धरते. शेवटी वैतागून ओरडलो. मग तिने सोडलं आणि मुकाट्याने तोंड उघडलं.

ओरडायला नको होतं. पण मीही माणूसच आहे. पाच वाजता उठतो, दोन वेळा चादरी बदलतो, आणि वर हे.

१४ मार्च

एक गोष्ट लक्षात आली. भरवणं संपतं तेव्हा ग्लासाच्या तळाशी जे उरतं ते मध नसतं, पाणी असतं. पाणीच. आज मावशीच्या दुपारच्या ग्लासातही तेच.

याचा अर्थ पूड कमी पडतेय. कमी घातली की ढवळायला सोपं, गुठळ्या होत नाहीत, हात दुखत नाही. मी मुलं ओळखतो, प्रयोगात पाच थेंब सांगितले की तीन टाकणारी. डब्याच्या आत पेन्सिलने रेघ मारून ठेवली. उद्या बघू.

१५ मार्च

रेघेवरून काही कळेना. पूड हलते, खाली बसते. पण ठसका आठ वेळा. मावशीला विचारलं, किती चमचे घालता. म्हणाली, तीन. नक्की? नक्की. ती आणखी काहीतरी बोलायला लागली होती, पूर्वी माझ्या हातून असं होत नव्हतं वगैरे. मी म्हटलं, सबबी नकोत.

१७ मार्च

संध्याकाळी मुलाचा फोन येतो तसा आला. तो तिकडे, दुसऱ्या गावी, आईचं ऐकून रोज खचतो. त्याला सांगितलं की बाई पूड कमी घालते. तो भडकला. आईच्या जिवाशी खेळ चाललाय म्हणाला. कार्यालयाला त्याने लेखी तक्रार केली.

१८ मार्च

मावशी गेली. कार्यालयाने दुसरी पाठवतो म्हटलं, मी नको म्हटलं. मीच करीन. जाताना तिने हिचे केस विंचरले, वेणी घातली, नेहमीपेक्षा सावकाश. ही दाराकडे बघत राहिली, दार लागल्यावरही.

२० मार्च

तीन चमचे. मोजून, सपाट, माझ्या हाताने. ठसका अकरा वेळा. ओठ निळे पडले होते एकदा.

२१ मार्च

ताप १०२.

२७ मार्च

आज घरी आणलं. सहा दिवस दवाखान्यात. न्यूमोनिया. श्वास घेताना तिच्या बरगड्या दिसत होत्या.

तिथे ठसका फारसा लागला नाही. तिथल्या मुलींना वेळ कुठे, इवल्याशा कपात आणतात, पाच मिनिटांत भरवून मोकळ्या होतात, कप आणि चमचा कचऱ्यात. तिथला पलंग वर उचलता येतो, त्याचा गुण असणार. मी घरी चार उशा लावल्यात.

डॉक्टर आता स्पष्ट बोलले. वीस एप्रिलपर्यंत वाट बघू. तोवर छाती स्वच्छ राहिली तर ठीक, पुन्हा भरली तर नळी. आणखी एक न्यूमोनिया ही सोसणार नाही. गिळण्याचे व्यायाम शिकवणारी एक बाई ते घरी पाठवणार आहेत, बुधवारी.

२८ मार्च

डब्यातच खोट असावी म्हणून नवा डबा आणला. मग, इतकी वर्षं जे केलं तेच केलं, प्रयोग. दोन ग्लास पाणी, तीन-तीन चमचे, एक जुन्या डब्यातून, एक नव्यातून. ओट्यावर झाकून ठेवले. पंधरा मिनिटांनी मध. अर्ध्या तासाने मध. तासाने तर चमचा उभा राहील इतकं घट्ट. दोन्ही सारखे.

म्हणजे पूड चांगली, जुनीही चांगली. आणि तीनच चमचे पुरेसे. मग ग्लासाच्या तळाशी पाणी येतं कुठून? हिला भरवता भरवता डोकं चालेनासं झालं. ठसका सात वेळा. ओट्यावरचे ग्लास ओतून दिले आणि खुर्चीत बसल्या बसल्याच डोळा लागला.

१ एप्रिल

व्यायामवाली बाई आली. तिशीची असेल. म्हणाली, तुम्ही नेहमी भरवता तसं भरवा, मी नुसती बघते. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं, पण अभ्यास झालेला होता. सूप कोमट केलं, तीन चमचे, ढवळलं, थांबलो. उशा लावल्या. चमचा भरला, ओठांना लावून बघितला, हिच्या तोंडात दिला. तिने गिळलं. चमचा पुन्हा भरला.

बाई म्हणाली, "थांबा. आता तो चमचा कुठे घातलात?"

मी ग्लासाकडे बघितलं.

तिने काही समजावलं नाही. म्हणाली, चालू ठेवा. दहाएक चमचे झाले तेव्हा हिला ठसका लागला. बाईने माझ्या हातातून ग्लास घेतला आणि खिडकीच्या उजेडात तिरका केला. सूप कडेवरून सरसर धावलं. मध नाही, पाणी.

ती तोंड उघडायच्या आत मला कळलं. पलंगाच्या कडेवर बसलो. ती पुढे सांगत होती, बारीक आवाजात, सवयीने. चमच्याला लाळ लागते, भरवणाऱ्याची, रुग्णाची. ती ग्लासात गेली की घट्टपणा मोडतो. म्हणून थोडं थोडं वाटीत काढायचं, वापरलेला चमचा मोठ्या ग्लासात कधी घालायचा नाही, वाटीत उरलेलं ओतून द्यायचं. "तुमच्याकडे पूर्वी कोणी होतं ना? त्यांना हे शिकवलेलं असतं."

हो, म्हटलं. होतं.

२ एप्रिल

लिहून काढतो. लिहिल्याशिवाय ते डोक्यातून जाणार नाही.

लाळेतलं विकर पिष्टाची लांब साखळी तोडतं. मिनिटाच्या आत सुरुवात होते. त्याला ऊब लागते, कोमट चालतं. नंतर घास जठरात जातो, तिथलं आम्ल लाळेचं काम थांबवतं. उरलेलं लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने. शेवटी साखर, शेवटी रक्त. शरीराने ज्याचं त्याला काम नेमून दिलंय. तोंडात व्हायचं ते मी ग्लासात करून देत होतो. कोमट सूप आणि वर लाळ, शाळेत याहून चांगली परीक्षानळी मला कधी मिळाली नव्हती. दिवसातून सहा वेळा भरत होतो. आणि पातळ झालेलं माझ्या हाताने तिच्या फुफ्फुसात.

प्रेमाने म्हणायचं का याला? म्हणवत नाही.

ती मनगट का धरत होती तेही आता कळतंय. की कळल्यासारखं वाटतंय? हा धडा मी दर वर्षी आदल्या दिवशी घरात मोठ्याने म्हणून बघायचो, ती ओट्याशी असायची. आज दुपारी विचारलं, "तुला माहीत होतं?" तिने डोळे मिटले. थकून मिटले असतील.

५ एप्रिल

मुलाला सांगायचं आहे. काल त्याने फोनवर पुन्हा त्या बाईला चार शिव्या घातल्या. मी हूं म्हटलं. परवाही हूं म्हटलं. व्यायामवाली सोडली तर हे कुणाला माहीत नाही, आणि ती कशाला सांगायला जाते. गप्प बसलो तर कुणाचं काय अडतंय, असं मनात आलं. आलं, हे लिहून ठेवतो.

अडतंय तर. त्या बाईचं काम अडतंय.

६ एप्रिल

सांगितलं. म्हणाला, "बाबा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत." हे मी नापास मुलांच्या आयांना म्हणायचो. त्यांना त्यातून काय मिळत होतं ते आज समजलं. काहीही नाही.

७ एप्रिल

शेजारणीला तासभर हिच्याजवळ बसवून कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या मुलीला कागद दिला, तक्रार खोटी होती, दोष माझा, खाली सही. तिने तो वाचलाच नाही, फाईलला लावला. तक्रार आल्यापासून त्यांना काम दिलेलं नाही, म्हणाली. पत्ता दिला.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. मावशी लोकांचे कपडे इस्त्री करत होती. मला बघून इस्त्री उभी ठेवली आणि पहिलं विचारलं, काकू कशा आहेत. मग स्टूल दिलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, वर्गात सांगावं तसं, एकामागून एक, काही न गाळता. माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, "तुम्ही कारण विचारलंत तेव्हा वाटलं, मास्तर आहेत, यांना माहीत असणार. मलाच सांगता येत नाहीये."

मी म्हटलं, नंतर ठसका वाढला तेव्हा तरी बोलायचं.

"बोलत होते. तुम्ही डब्यात रेघा मारत होतात."

खाली दुकानात कुणीतरी चाकाला हवा भरत होतं, ते ऐकत उभा राहिलो. शेवटी विचारलं, याल का परत. माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी. तिने एक शर्ट पुरा इस्त्री केला, घडी घातली. मग म्हणाली, येईन, पण भरवताना मध्ये बोलायचं नाही आणि चमच्याला हात लावायचा नाही.

कबूल केलं.

९ एप्रिल

मावशी आली. हिने तिचा हात धरला तो अर्धा तास सोडला नाही. ठसका दोन वेळा.

संध्याकाळचंही तीच भरवून जाते, उशिरापर्यंत थांबते. मी भांडी घासतो. सहा वाट्या, सहा चमचे.

१३ एप्रिल

ठसका एकदा. छातीचा आवाज मला तरी ठीक वाटतो, पण मला काय वाटतं याला आता किंमत देत नाही.

चमच्याला हात न लावता दिवस फार लांब होतो. मी खुर्चीत बसतो, हात मांडीवर ठेवून. ती गिळते तेव्हा माझाही घसा हलतो. झोप येत नाही. दमणूक होती तीच आहे, फक्त आता काही केल्याची नाही.

१६ एप्रिल

ठसका नाही. ताप नाही. वहीचा अख्खा रकाना कोरा.

२० एप्रिल

डॉक्टर आले. पाठीला, छातीला, कुशीला नळी लावून ऐकलं. म्हणाले, स्वच्छ आहे, पोटाच्या नळीचं बोलणं सध्या बंद. वही चाळली आणि मला म्हणाले, छान सांभाळलंत. मी म्हटलं, मी नाही, यांनी, आणि मावशीकडे बोट केलं. बिघडवलं ते मी, हेही सांगितलं. डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते बघायचा धीर झाला नाही.

२१ एप्रिल

आज दुपारी. गाजराचं सूप. मावशीने पहिली वाटी भरवली, ठीक गेली. दुसरी वाटी काढली, नवा चमचा घेतला आणि तो माझ्यापुढे धरला. म्हणाली, आता तुम्ही द्या.

मी नको म्हटलं. खरं ते सांगितलं, "भीती वाटते."

"वाटायलाच पाहिजे," मावशी म्हणाली. "द्या."

चमचा घेतला. भरला, अर्धं वाटीतच सांडलं. सवयीने कोपर वर यायला लागलं ते आवरलं. गरम आहे का, गुठळी आहे का, काही कळायला मार्ग नाही. मावशीने बघितलंय तेवढ्यावर विसंबायचं. असाच चमचा हिच्यापुढे नेला.

ती माझ्याकडे बघत होती. तिने डावा हात उचलला. मला वाटलं आता मनगट धरणार, धरावंच असंही वाटलं. तिने गालावर आलेले केस मागे सारले, आणि तोंड उघडलं. एवढं सगळं माझ्या हातून होऊन, माझ्याच हातापुढे, तिने तोंड उघडलं.

मी चमचा आत दिला. तिने ओठ मिटले. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिलो.

गिळलं.

मग तिने पुन्हा उघडलं. मला काही दिसेना, मावशी म्हणाली, रडू नका मास्तर, सांडेल. सात चमचे दिले. डॉक्टरांच्या वहीत लिहिलं: सूप, एक वाटी, ठसका नाही.